इथले आणि फोनमधले

राळेगावला घरासमोर गाडी थांबली, मुलगी खाली उतरली आणि माझ्या वडिलांना तिने पहिला प्रश्न विचारला, "तुम्ही इथले आजोबा का?"

वडील सकाळपासून दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून ओट्यावर बसून होते. नात अडीच वर्षांची असताना आमच्याबरोबर परदेशी गेली होती, ती सहाव्या वर्षात परत येत होती. ते खदखदून हसले. "हाव, इथलाच आहो मी. अजून कुठं जातो बाप्पा मी?" म्हणाले आणि तिला उचलून घेतलं. सगळे हसले, मीही हसलो. मुलीने खाली उतरून घरभर एक चक्कर मारली. संडास कुठे आहे ते विचारलं, आपली खाट कोणती ते विचारलं, आणि मग माझ्या आईला म्हणाली, "इथली मावशी कुठंय?"

"मावशी कायले पायजे तुले? मी आहो न," आई म्हणाली.

तेव्हा ते सगळं गोड वाटलं होतं. पाहुण्यांना दोन-तीनदा सांगूनही झालं. आता मी पुन्हा आफ्रिकेत, जिनिंगच्या आवारातल्या एका खोलीत बसून हे लिहितो आहे आणि त्या प्रश्नाची मला चीड येते. मुलीची नाही. मुलीची चीड कशी येईल? तो प्रश्न तिच्या तोंडी आम्हीच घातला होता, आणि वर त्याचं कौतुकही केलं होतं.

सरळच सांगतो. माझ्या मुलीला कुणाची आठवण येत नाही. समोर असेल त्याच्यावर ती जीव लावते, गळ्यात पडते, ताटातला घास देते. माणूस नजरेआड झाला की तिच्यापुरता विषय संपतो. शाळेतल्या बाई म्हणतात, सगळ्यांशी मिसळते, किती समजूतदार आहे. समजूतदार! सहा वर्षांच्या पोरीला असली समजूत कुणी देऊ नये. ती लहान आहे, होईल सगळं नीट, असं सांगणारेही पुष्कळ भेटले. ते सांगून आपल्या घरी जातात. मला मात्र गेलं वर्षभर एकच जाणून घ्यायचं होतं. या विसरण्याला काही हद्द आहे का, आणि मी त्या हद्दीच्या आत आहे की बाहेर?

माझं काम जिनिंगचं. आमच्या जिल्ह्यात ते कुणाला समजावून द्यावं लागत नाही. शेतातून आलेल्या कापसातली सरकी वेगळी काढायची, रुई वेगळी काढायची आणि रुईच्या गाठी बांधायच्या. वणीच्या एका जिनमध्ये मी हे शिकलो, पुढे यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत लागलो. ती यंत्रं आफ्रिकेत विकली जातात. यंत्रांच्या मागोमाग ती बसवायला, चालू करून द्यायला आणि हंगामभर दुरुस्त करत राहायला आमच्यासारखे लोक जातात. बहुतेक जण एकटे जातात. मीही एकटाच जाणार होतो, पण बायको अडून बसली. ती यवतमाळची, तिचे वडील सरकारी कचेरीत होते आणि बदली झाली की सगळं घर सोबत न्यायचे. ती म्हणाली, "मुलीने बाप काय फोनमध्ये बघायचा? जायचं तर तिघांनी जायचं."

बाप फोनमध्ये दिसायला नको, म्हणून आम्ही तिघं निघालो.

निघताना आईने तिघांच्या तळहातावर दही-साखर ठेवली. मुलीने ती चाटली आणि अजून मागितली. गल्लीतल्या बाया बघायला जमल्या होत्या. "भाग्य काढलं पोट्टीनं, या वयात विमान," एक जण म्हणाली. वडील नागपूरपर्यंत सोडायला आले आणि विमानतळाच्या काचेबाहेर बराच वेळ उभे होते. मुलगी आतून हात हलवत होती. तिला ते दिसत होते की काचेतलं तिचंच तोंड दिसत होतं, कोण जाणे.

पहिला मुक्काम टांझानियात, मोठ्या तळ्याच्या दक्षिणेला, कापसाच्या पट्ट्यात. माती काळीच निघाली, आमच्याकडल्यासारखी, पावसात पायाला तशीच चिकटणारी. ती पाहून मला उगाच धीर आला. जिनच्या आवारातच पत्र्याचं घर होतं. मी सकाळी यंत्रांकडे जायचो तो अंधार पडताना रुईने पांढरा होऊन यायचो. बायकोला सुरुवातीलाच मलेरियाने गाठलं, आणि मुलीला सांभाळायला तिथली एक बाई ठेवली. तरुण होती. तिचं स्वतःचं लेकरू गावी तिच्या आईकडे होतं. रंगीत कापडाने माझ्या मुलीला पाठीशी बांधून ती आवारभर हिंडायची, भांडी घासायची, झाडायची आणि गुणगुणायची. मुलगी तिच्या पाठीवरच झोपायची.

तिला काय म्हणायचं? आपल्याकडे बाहेरच्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायची नसते. घरकामाला येणारी मावशी, भाजीवाला काका, शेजारची म्हातारी आजी. आम्ही मुलीला सांगितलं, ही मावशी. फाटकावरचा पहारेकरी काका. गावात एक म्हातारे गुजराती दुकानदार होते, तिथेच जन्मलेले. मुलगी दिसली की तिच्या मुठीत भाजलेले शेंगदाणे भरायचे. ते आजोबा. आता राळेगावचे आजोबा रोज फोनवर दिसायचेच. मुलीचा गोंधळ व्हायला लागला, तेव्हा बायकोने सोय केली. ते फोनमधले आजोबा, हे इथले आजोबा. आठवडाभरात मुलगी तरबेज झाली. वडिलांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "चालते बाप्पा. फोनमधला त फोनमधला. दिसतो न तिले?"

तिथलं काम संपलं आणि कंपनीने मोझांबिकला जायला सांगितलं. मी पुढे गेलो, घर वगैरे पाहून मग दोघींना बोलावणार होतो. मावशीला निरोप देताना काय झालं ते मला बायकोकडून कळलं. मुलीने त्या बाईच्या अंगावरचं कापड दोन्ही मुठींत धरलं ते सोडेना. ती बाईही रडत होती. शेवटी तिने ते कापडच सोडून दिलं. मुलगी ते घेऊन गाडीत बसली आणि विमानात, मधल्या शहरातल्या लॉजवर, सगळीकडे मावशी मावशी करत राहिली. अंगात ताप भरला. अन्नाला तोंड लावेना. बायको फोनवर रडकुंडीला आली होती. "काहीतरी बोला तिच्याशी."

मी फोनवर म्हणालो, "रडू नको बेटा. इकडे पण मावशी आहे. मी शोधून ठेवलीय."

ती थांबली. नाक ओढत म्हणाली, "खरंच?"

"खरंच. दारात उभी आहे, तुझी वाट बघून राह्यली."

लागू पडलं. हे किती सहज लागू पडलं याचंच आज मला भय वाटतं. त्या दिवशी मात्र आपण फार हुशार बाप आहोत असं वाटलं होतं.

मोझांबिकच्या घराच्या दारात मावशी उभी होती. वयाने मोठी, अंगाने भरलेली, डोक्याला रुमाल बांधलेली. मुलगी गाडीतून उतरून तिच्याकडे बघत राहिली. मग तिच्या मागे वाकून बघितलं, दाराआड बघितलं. संध्याकाळी म्हणाली, "ही मावशी नाही."

"हीच इथली मावशी," बायको म्हणाली.

मुलगी टांझानियाचं ते कापड उशाशी घेऊन झोपली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती नव्या मावशीच्या मांडीवर बसून उकडलेलं कणीस खात होती. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. काही दिवसांनी ते कापड धुवायला गेलं, आणि धुऊन आल्यावर तिने ते मागितलंच नाही. बायकोने त्याची फडकी केली.

तिथेही काका मिळाले, आजोबा मिळाले. या वेळी कुंपणापलीकडे राहणारे एक निवृत्त मास्तर होते, त्यांना आपली भाषा येत नव्हती आणि आम्हाला त्यांची. पण मुलीला त्याचं काही अडलं नाही. लाकडाच्या खुर्चीवर बसलेला, पांढऱ्या केसांचा, खाऊ देणारा म्हणजे आजोबा. त्या सगळ्यांना सोडून निघालो तेव्हा मुलगी एक संध्याकाळ रडली. फक्त एक संध्याकाळ. मग तिने स्वतःच विचारलं, "तिकडची मावशी शोधलीस का, बाबा?"

तिसरा मुक्काम बेनिनचा. गाडीतून उतरल्या उतरल्या तिने "मावशी कुठंय?" विचारलं, आणि जी बाई पुढे आली तिचा हात तोंडाकडे न बघता धरून आत चालायला लागली. हे मी मोबाईलवर टिपलं आहे. घरच्या ग्रुपवर टाकलं तेव्हा सगळ्यांनी अंगठे दाखवले. कशी पटकन रुळते, नशीबवान आहात, आमची तर शेजारच्या गावात राहत नाही. मी ती चित्रफीत कामावरच्या पोरांनाही दाखवत फिरायचो. ती अजून फोनमध्ये आहे. पुसून टाकायची माझी हिंमत होत नाही आणि बघायचीही होत नाही.

बेनिनला असताना एकदा टांझानियाच्या मावशीचा फोन आला. कुणाचा तरी फोन मागून तिने लावला होता. बायको तोडक्यामोडक्या स्वाहिलीत बोलली. पडद्यावर ती बाई आधी हसत होती, मग मुलगी दिसल्यावर तोंडावर हात ठेवून रडायला लागली. मुलीला हाका मारत होती, ते गुणगुणणंही तिने करून दाखवलं. मुलीने दोन क्षण पाहिलं. "फोनमधली मावशी," असं आम्हाला समजावून सांगितलं, हात हलवला आणि खेळायला निघून गेली.

ती बाई विचारत राहिली, कुठे गेली, बोलवा ना. बायकोने फोन भिंतीकडे वळवला आणि म्हणाली, झोपली ती. भिंतीपलीकडून मुलीचं खिदळणं ऐकू येत होतं, ते त्या बाईलाही ऐकू गेलं असणार. त्या रात्री आम्ही दोघं जेवलो नाही. मला पहिल्यांदा खरी भीती वाटली ती तेव्हा. करार संपत आला होता, मुलगी शाळेच्या वयाची झाली होती. पुरे झालं, राळेगावला जाऊ, असं ठरलं.

म्हणजे कायमचं घर झालं की सगळं ठीक होईल असा आमचा हिशेब होता. घर एकच, माणसं तीच, कुणी बदलणार नाही. झाडाला मुळं फुटायला वेळ लागतो एवढंच, असं मी बायकोला म्हणालोसुद्धा. बोलायला आपल्याला काय लागतं?

वडिलांनी मनावर घेतलं. "इथले आजोबा" ऐकून ते पहिल्या दिवशी हसले होते, पण दोन-चार दिवसांत त्यांना ते टोचायला लागलं. ते तिला म्हणायचे, "इथला नाई न बेटा. तुहा आजोबा. फोनवर दिसे थोच मी." मुलगी त्यांच्या तोंडाकडे नीट बघायची आणि मान हलवायची. "ते फोनमधले. तुम्ही इथले." त्यांनी एकदा खोलीत जाऊन आपल्या फोनवरून बायकोच्या फोनवर व्हिडिओ कॉल लावला आणि बोलत बोलतच बाहेर ओट्यावर आले, तिला दाखवायला की बघ, दोन्ही मीच. मुलीला जादूचा खेळ वाटला. "पुन्हा करा!" म्हणाली. त्यांनी तीनदा केला. चौथ्यांदा सांगितलं तेव्हा खाटेवर बसले आणि म्हणाले, "थकलो बाप्पा आता."

तरी ते हटले नाहीत. तिला शेतात न्यायचे, बसस्टँडवर नेऊन शेव-चिवडा घेऊन द्यायचे. शेतातला कापूस दाखवला तर ती म्हणाली, हा तर आमच्या जिनमध्ये असतो. वेचायला मात्र तिला आवडायचं. बोंडातून कापूस अलगद ओढून वडिलांच्या टोपीत भरायची. दिवाळीनंतरचे ते दिवस चांगले होते. त्या दिवसांवर मी पुढे फार विसंबलो.

मग वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. यवतमाळला बहिणीकडे ते आठेक दिवस राहिले. शेजारचे एक म्हातारे, वडिलांचे जुने दोस्त, त्यांना करमत नव्हतं म्हणून आमच्या ओट्यावर येऊन बसायला लागले. आपल्या बसण्याच्या जागी कुणी बसलेलं वडिलांना आवडत नाही, पण ते तर नव्हतेच.

वडील परत आले तेव्हा मी त्यांचा हात धरून आणत होतो. काळा चष्मा, डोळ्यातून पाणी, हातात नातीसाठी यवतमाळहून आणलेली जिलबीची पुडी. ओट्यावर शेजारचे म्हातारे आणि त्यांच्या मांडीवर माझी मुलगी. ती त्यांच्या टोपीत काहीतरी भरत होती. वडिलांना बघून ती हसली, ओळखीचं हसली, पण उठली नाही. म्हणाली, "आता हे इथले आजोबा आहेत."

शेजारचे म्हातारे कावरेबावरे झाले. "अबे, लेकरू आहे थे," म्हणत तिला खाली ठेवून चपला घालायला लागले.

वडील उभे होते तसेच उभे राहिले. "एका ऑपरेशनात काढून टाकलं मले?" ते म्हणाले. गमतीने म्हणायला गेले आणि आवाज फाटला. पुडी माझ्या हातात देऊन आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. दोन दिवस नातीशी बोलले नाहीत. सत्तरीतला माणूस, पण रुसला तो शाळकरी पोरासारखा रुसला. आई त्यांना म्हणाली, "लेकराशी कायची कट्टी? लाज नाई वाटत?" तिसऱ्या दिवशी ते उजाडायच्या आत उठले, आंघोळ केली आणि ओट्यावर आपल्या जागी जाऊन बसले. त्यानंतर कित्येक दिवस ते तिथून हललेच नाहीत. शेतात गेले नाहीत, देवळात गेले नाहीत. दुपारचं जेवणही ओट्यावर मागवायचे. डॉक्टरने धुळीत बसू नका म्हणून सांगितलं होतं. काळा चष्मा लावून धुळीत बसून राहायचे. कशासाठी, ते घरातल्या प्रत्येकाला समजत होतं आणि कुणीच बोलून दाखवत नव्हतं.

मुलगी पुन्हा त्यांच्याजवळ गेली, त्यांना इथले आजोबा म्हणायला लागली, जिलबी मागायला लागली. जागेवर माणूस होता ना.

वडील भिंतीकडे तोंड करून झोपले त्या दिवशी मी बायकोशी खूप भांडलो. मावशी-काका कुणी शिकवलं, फोनमधले-इथले कुणी काढलं, सगळं तिच्या डोक्यावर ओतलं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "आणि शोधून ठेवलीय, शोधून ठेवलीय, हे कोण म्हणत होतं?" मी ताट सारलं आणि बाहेर गेलो. रस्त्यावर फिरत स्वतःला एकच गोष्ट समजावत होतो. मावश्या बदलल्या, काका बदलले, आजोबा बदलले. आम्ही दोघं बदललो नाही. प्रत्येक मुक्कामावर, प्रत्येक घरात आई तीच होती आणि बाप तोच होता. तिची बोटं माझ्याच हातात होती. एवढं तरी तिच्या डोक्यात पक्कं बसलं असेल. यालाच धरून राहायचं मी ठरवलं. कंपनीला कळवलं की आता बाहेर जाणार नाही, आणि वणीकडच्या एका जिनमध्ये काम धरलं.

हंगामभर मी वणीला राहायचो आणि सुट्टीच्या दिवशी राळेगावला यायचो. एसटीतून उतरलो की मुलगी धावत यायची. एकदा आई बाभुळगावला भावाकडे लग्नाला गेली होती, आणि मुलीने दुपारी मला विचारलं, "आजी कधी येणार?" मी हातातला चहा खाली ठेवला. "काय म्हणालीस?" ती पुन्हा म्हणाली, "आजी कधी येणार? आपली आजी?" बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली होती. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि बायकोने पदर डोळ्याला लावला. आपली! मी त्या दिवशी गल्लीत पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते. आई आल्यावर तिला सांगितलं तर ती म्हणाली, "मंग काय तर. येडे आहा तुमी दोघंही."

हंगाम संपला, जिन बंद पडलं. जिन बंद म्हणजे माझ्यासारख्याने काय करायचं, ते आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. पाऊसकाळ वडिलांच्या शेतात लुडबुड करत काढला. पुढच्या हंगामाला ते वणीचं जिन सुरूच होणार नाही असं कळलं. कंपनीचा फोन आला. या वेळी येत असाल तर या, नाहीतर दुसरा माणूस बघतो. एकच हंगाम. बायको म्हणाली, मुलीची शाळा आहे, आता तिला हलवायचं नाही. मलाही तेच वाटत होतं. आणि खरं म्हणजे मला धीर आला होता. आजीची आठवण येते तिला, मग बापाची येणारच.

मुलीला मी समजावून सांगितलं. "मी जाणार आणि मीच परत येणार. दुसरं कोणी नाही. मीच." ती शहाण्यासारखी मान हलवत होती. निघायच्या सकाळी आईने दही-साखरेची वाटी तिच्याच हातात दिली. तिने चमच्याने माझ्या तळहातावर ठेवली, नीट, न सांडता. मी चाटली. तिने विचारलं, "अजून?" मी अजून घेतली. गाडी निघाली तेव्हा वडील ओट्यावरच्या आपल्या जागेवरून हात हलवत होते, आणि मुलगी बायकोच्या कडेवर होती. ती रडली नाही. लहान आहे, कळलं नसेल, असं म्हणत मी नागपूर गाठलं.

इथे आफ्रिकेत आल्यावर पहिले काही दिवस फोनच लागत नव्हता. यंत्रं बंदरातून आली नव्हती, आवारात वीज नव्हती. मग एका रविवारी सकाळी लागला. बायकोचा चेहरा दिसला, मागे राळेगावच्या घरातली ती निळी भिंत, कोपऱ्यात वडिलांची छत्री. मुलीला बोलावलं. ती आली, पडद्याकडे बघितलं, हसली. तिचा पुढचा एक दात पडला होता.

"कशी आहेस बेटा?"

"मस्त." मग तिने दात दाखवला, शाळेतली एक गोष्ट सांगितली, आणि अगदी सहज, पाणी मागावं तसं, विचारलं, "इथला बाबा कधी येणार?"

मला आधी समजलंच नाही. "मी न बेटा. मी येणार. होळीला."

"तू तर फोनमधला." ती माझी चूक दुरुस्त करत होती. रागाने नाही, प्रेमानेच. "इथला बाबा. तूच शोधून ठेव ना. तू मावशी शोधायचास तसा."

बायकोचा हात पडद्यात आला, मुलीच्या खांद्यावर पडला. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मला रडू फुटलं. पोरीसमोर मी कधी रडलो नव्हतो. इथल्या आवारात माझ्या मागे चार लोक काम करत होते, ते थांबून बघायला लागले. मला थांबवता येईना.

मुलीचा चेहरा गंभीर झाला. ती फोनच्या अगदी जवळ आली, इतकी की पडद्यावर नुसते डोळे आणि कपाळ उरलं. विमानात, लॉजवर, प्रत्येक नव्या घराच्या दारात आम्ही जो आवाज काढायचो, तोच आवाज तिने काढला.

"रडू नको, बाबा. तिकडे पण मुलगी आहे ना?"

मग ती खेळायला गेली. बायकोने फोन भिंतीकडे वळवला.